स्मिअर येत नाहीये: युबिक्विटिनचा ब्लॉट पुन्हा पुन्हा कोरा का येतो

"ताई, आपलं प्रथिन बहुतेक युबिक्विटिनेट होतच नाही."

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधली ज्युनिअर तिसरा कोरा ब्लॉट घेऊन आली तेव्हाचं हे वाक्य. म्हणजे तोडायच्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिनची जी खूण चिकटवते, तीच दिसत नव्हती. (ब्लॉट म्हणजे जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने दाखवणं.) एमजी-१३२ (प्रोटिअसोम हे प्रथिनं तोडणारं यंत्र अडवणारं औषध) दिलेलं, सहा तास ठेवलेलं, इनपुटमध्ये (पेशींच्या मूळ अर्कात) प्रथिन ठसठशीत दिसत होतं, आयपीही (अँटिबॉडीने आपलं प्रथिन अर्कातून ओढून काढणं) नीट झाली होती. पण १०० किलोडाल्टनच्या वर, जिथे लहानमोठ्या युबिक्विटिन साखळ्यांचा स्मिअर धुराच्या लोटासारखा चढायला हवा, तिथे लेन धुऊन काढल्यासारखी. मी एवढंच विचारलं, "एनईएम कधी घातलंस?"

"परवाच. बफर बनवताना सगळं एकदम घातलं. एनईएम, डीटीटी, इनहिबिटरची गोळी. फ्रिजमध्ये आहे."

निदान तिथेच झालं. एनईएम हे युबिक्विटिन काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं रसायन, आणि डीटीटी त्यालाच संपवतं; गोळी म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं मिश्रण. सविस्तर पुढे येतंच. हाच प्रश्न दर वर्षी नवी बॅच आली की येतो, आणि दर वेळी मी तेच तोंडी सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: पेशीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक वेळा पेशीने तिचं काम चोख केलेलं असतं. पुरावा आपल्याच ट्यूबमध्ये पुसला जातो, नाहीतर आपणच तो कचऱ्यात टाकतो.

लिहिणारे थांबतात, खोडणारे थांबत नाहीत

पेशी प्रथिनं सरसकट तोडत नाही, निवडून तोडते. ज्याला काढायचं त्याच्यावर युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चिकटवलं जातं. त्यासाठी तीन एन्झाइमांची साखळी आहे. ई-१ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून युबिक्विटिनला तयार करतं, ई-२ ते वाहून नेतं आणि ई-३ नेमकं कोणाला चिकटवायचं ते ठरवतं. माणसात ई-१ फक्त दोन, ई-३ मात्र सहाशेच्या वर. निवडीची सगळी अक्कल ई-३ मध्ये आहे ती अशी. एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी के-४८, म्हणजे ४८ व्या जागच्या लायसिनवरून युबिक्विटिनची साखळी वाढली की प्रोटिअसोम ते प्रथिन उचलतो, एटीपीच्या जोरावर उलगडतो आणि आपल्या पोकळ पिंपात ओढून घेतो. पिंप म्हणजे सात-सात उपघटकांची चार कडी, आणि कापणाऱ्या जागा पूर्ण आतल्या बाजूला. त्यामुळे शेजारचं निरपराध प्रथिन चुकून कापलं जात नाही.

आता ट्रबलशूटिंगच्या कामाची गोष्ट. पेशीत युबिक्विटिन काढणारी एन्झाइमंही शंभराच्या आसपास आहेत. लॅबच्या बोलीत त्यांना 'डब' म्हणतात. जिवंत पेशीत चिकटवणं आणि काढणं सतत बरोबरीने चालू असतं. तुम्ही लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) ओतता त्या क्षणी एटीपी बफरमध्ये पसरून पातळ होतं आणि ई-१ पासूनची साखळी ठप्प होते. बहुतेक डबना मात्र एटीपी लागतच नाही. त्यांच्या गाभ्यात एक सिस्टीन असतं, ते बर्फावरसुद्धा काम करत राहतं. म्हणजे लिहिणाऱ्यांची शाई संपली आणि खोडरबर तेवढा हिंडतो आहे. वर तुम्ही ती ट्यूब चार अंशांवर दोन-चार तास, कधी रात्रभर, आयपीच्या मण्यांबरोबर फिरवत ठेवता.

एमजी-१३२ इथे काही करत नाही. ते प्रोटिअसोम अडवतं, डब नव्हे. इनहिबिटरची ती नेहमीची गोळीही डबवर चालत नाही. गोळी घातली म्हणजे सगळं बंद, हा समज इतका पक्का बसलेला आहे की तो मोडायला मला दर वर्षी एक अख्खी दुपार लागते.

एनईएम: कधी, किती, कशात

एन-इथाइलमॅलिमाइड सिस्टीनच्या थायॉलला (गंधकाच्या गटाला) कायमचं चिकटतं, म्हणून डब थांबतात. पण डीटीटी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल हेही थायॉलच. एका बाटलीत दोन्ही घातलीत तर एनईएम आधी डीटीटीवर खर्च होणार आणि डबसाठी काही उरणार नाही. आमच्या ज्युनिअरच्या बाटलीत नेमकं हेच झालं होतं. आणि डीटीटी नसतं तरी परवाचं एनईएम आज निरुपयोगीच होतं, कारण पाण्यात, त्यातून पीएच सातच्या वर असेल तर, ते काही तासांतच फुटत जातं.

म्हणून आमच्याकडे पद्धत अशी: एक मोलर स्टॉक इथेनॉलमध्ये, त्याच दिवशी. एक मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम. फ्रीजरमधून काढलेला जुना स्टॉक स्फटिक धरून बसलेला असला तर तो वाचवत बसू नका, नवा बनवा. पेशींवर ओतण्याच्या मिनिटभर आधी बफरमध्ये १० मिलिमोलर होईल इतकं घाला. डीटीटी लायसिस बफरमध्ये नको. ते शेवटी, सॅम्पल बफरमधून येऊ दे, तेव्हा उरलेलं एनईएम त्याने संपलं तरी बिघडत नाही. १० मिलिमोलर पुरेलच असंही नाही. के-६३ प्रकारच्या (६३ व्या लायसिनवरून वाढलेल्या) साखळ्या वाचवायला याच्या कितीतरी पट जास्त लागल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा एकदा १०, २५, ५० असं करून स्वतःच्या प्रथिनासाठी पाहून घ्या. काही डब सिस्टीनवर नाही तर झिंकवर चालतात, त्यांच्यासाठी झिंक पकडून ठेवणारं ईडीटीए घाला.

एनईएम डोळ्यांना आणि नाकाला भयंकर झोंबतं. वजन करताना फ्यूम हूड, ग्लव्हज, मास्क. मी एकदा उघड्या बेंचवर, पंख्याखाली वजन केलं होतं. उरलेला दिवस डोळे पुसण्यात गेला.

सॅम्पल पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीला जाणार असेल तर एनईएमऐवजी कोणी आयोडोॲसिटामाइड सुचवेल. नको. त्याचे दोन रेणू लायसिनवर चढले की वजनात जी भर पडते, ती युबिक्विटिनच्या ट्रिप्सिननंतर उरणाऱ्या दोन ग्लायसिनच्या शेपटीइतकीच असते. मशीनला फरक कळत नाही आणि तुम्हाला नसलेल्या जागी युबिक्विटिन 'सापडतं'. तिथे क्लोरोॲसिटामाइड वापरतात.

त्याहून खात्रीचा उपाय: उकळता एसडीएस

खरं सांगायचं तर मला एनईएमपेक्षा हा उपाय आवडतो. प्लेटमधलं माध्यम काढा, थंड पीबीएसने एकदा भराभर धुवा, आणि १ टक्का एसडीएसचा (प्रथिनं उलगडणाऱ्या तीव्र साबणाचा) बफर गरमच थेट पेशींवर ओता. खरवडून ट्यूबमध्ये, ९५ अंशांवर दहा मिनिटं. सगळी एन्झाइमं उलगडून मरतात, डबसुद्धा. युबिक्विटिन मात्र जागचं हलत नाही, कारण ते प्रथिनाच्या लायसिनला सहसंयुज बंधानं बांधलेलं असतं.

हा बंध उकळूनही तुटत नाही, याच गोष्टीवर या विषयाचा शोध उभा आहे. पेशीला प्रथिनं तोडायला ऊर्जा लागते हे १९५३ सालीच यकृताच्या कापांवर दिसलं होतं, आणि कोणालाही ते पटत नव्हतं, कारण बंध तोडायला ऊर्जा लागायचं कारणच काय? हैफाच्या टेक्निऑनमध्ये ॲवराम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी ॲरन चिहानोवर सशाच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेऊन बसले. त्या अर्कात हिमोग्लोबिनचीच रेलचेल, ते काढायला त्यांनी तो डीईएई सेल्युलोजच्या कॉलमवरून नेला. कॉलमला चिकटलेला भाग एकटा काम करेना. हिमोग्लोबिनबरोबर वाहून गेलेला, एरवी सरळ बेसिनमध्ये ओतला गेला असता असा पहिला भाग परत मिसळला, तेव्हा तोडणं सुरू झालं. मग त्यांनी तो लाल भाग उकळला. हिमोग्लोबिन फाटलेल्या दुधासारखं साकळलं आणि हवा असलेला छोटा घटक वर पाण्यात शाबूत राहिला. तेच युबिक्विटिन, तेव्हाचं नाव एपीएफ-१. पुढे फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस केंद्रात अर्विन रोझ यांच्याबरोबर काम करताना त्यांना दिसलं की हा घटक दुसऱ्या प्रथिनांना पक्का जोडला जातो. एसडीएस आणि मरकॅप्टोइथेनॉलमध्ये उकळलं तरी सुटत नाही. तो शोधनिबंध १९८० चा, तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल २००४ साली.

तेव्हा उकळायला घाबरू नका. फक्त तीन व्यवहार सांभाळा. एक, एसडीएसचा बफर बर्फात ठेवू नका, पांढरा गोळा होऊन बसतो. पोटॅशियम असलेल्या बफरमध्ये तर हमखास. दोन, डीएनए सुटून लायसेट शेंबडासारखं लांबतं, पिपेटला दोरी लागते. बारीक सुईतून दहा-बारा वेळा ओढा किंवा सोनिकेट करा. तीन, आयपीच्या आधी एसडीएस नसलेल्या ट्रायटन (सौम्य साबण) बफरने दहापट पातळ करा, म्हणजे एसडीएस ०.१ टक्क्यावर येईल आणि अँटिबॉडी जगेल. प्रथिनाचं माप घ्यायचं तर बीसीए वापरा. एसडीएसमध्ये ब्रॅडफर्ड काहीही आकडे देतो.

याचा आणखी एक फायदा आहे, आणि रिव्ह्यूअर हमखास विचारतो तो प्रश्न त्याने मिटतो. साध्या, सौम्य बफरमध्ये आयपी केली आणि युबिक्विटिनचा स्मिअर आला, तर तो तुमच्या प्रथिनाचाच कशावरून? त्याला बिलगून आलेल्या जोडीदाराचाही असू शकतो. एसडीएसमध्ये उकळलं की बिलगलेले सगळे सुटतात आणि फक्त सहसंयुज जोडलेलं उरतं.

पेशी ट्रिप्सिनने उचलून, सेंट्रिफ्यूज करून, मग लायसिस करणारे अजून भेटतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत एमजी-१३२ धुतलं जातं (त्याची पकड सुटणारी आहे) आणि प्रोटिअसोम पुन्हा कामाला लागतो. प्लेटवरच लायसिस करा.

आपण फेकून देतो त्या तीन जागा

पहिली, पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसलेला गाळ. प्रोटिअसोम बराच वेळ बंद ठेवला की न तुटलेली प्रथिनं गोळा होऊन न विरघळणारे गोळे बनतात. ट्रायटनच्या लायसेटला १३,००० आरपीएमवर फिरवलंत की ते तळाला जातात. आपण वरचं घेतो, खालचं टाकतो आणि मग म्हणतो, एमजी-१३२ दिल्यावर प्रथिन उलट कमी झालं! एकदा तरी पेलेट एसडीएसमध्ये उकळून शेजारच्या लेनमध्ये चालवा. चिमूटभर पेलेटमध्ये सगळा स्मिअर सापडलेला मी पाहिलाय.

दुसरी, स्टॅकिंग जेल, म्हणजे जेलचा वरचा विरळ भाग. ट्रान्स्फरच्या आधी सवयीने आपण ते कापून टाकतो, कारण ते चिकट असतं आणि सँडविच नीट बसत नाही. लांब साखळ्या नेमक्या तिथेच, वेलच्या तळाशी अडकलेल्या असतात. स्टॅकिंगसकट ट्रान्स्फर करा, नाहीतर ४ ते १५ टक्के ग्रेडियंट जेल घ्या. अर्ध्या तासाचा सेमी-ड्राय ट्रान्स्फर मोठ्या रेणूंना पुरत नाही. कोल्ड रूममध्ये कमी व्होल्टेजवर रात्रभर ओला ट्रान्स्फर लावा.

तिसरी जागा जेलच्या तळाची. मोकळं युबिक्विटिन साडेआठ किलोडाल्टनचं, ८ टक्क्यांच्या जेलमधून निळ्या रेघेबरोबर किंवा तिच्याही आधी टाकीत निघून जातं. तुम्हाला मोकळ्या साठ्याचं माप हवं असेल तरच याची काळजी करा.

अँटिबॉडीबद्दल थोडंसं. पी४डी१ सगळं ओळखते, मोकळं युबिक्विटिनसुद्धा. एफके२ जोडलेलंच ओळखते, एक असो वा साखळी. एफके१ फक्त साखळ्या ओळखते, आणि ती आयजीएम प्रकारची आहे. आमच्याकडे एकदा दोन आठवडे एफके१ 'खराब निघाली' म्हणून पुरवठादाराशी ईमेलवर वाद चालला होता. दुय्यम अँटिबॉडी निव्वळ आयजीजी या दुसऱ्या प्रकाराविरुद्धची होती, तिला एफके१ दिसतच नव्हती. साप समजून भुई धोपटणं चाललं होतं. माफीचा ईमेल मीच लिहिला.

मेम्ब्रेनवरचं युबिक्विटिन घट्ट घडीत बसलं असेल तर अँटिबॉडीला ते दिसत नाही. ब्लॉकिंगच्या आधी मेम्ब्रेन काही मिनिटं पाण्यात उकळली की सिग्नल वाढतो. विचित्र वाटतं, पण करून बघा.

स्मिअर आहे, पण एमजी-१३२ ने प्रथिन वाढत नाही

ही दुसरी तक्रार. इथे पहिला प्रश्न कंट्रोलचा. एमजी-१३२ चाललं की नाही हे तुमच्या प्रथिनावरून ठरवू नका, ज्याचं उत्तर माहीत आहे अशा प्रथिनावरून ठरवा. बरेच जण पी५३ (गाठी रोखणारं, झटपट तुटणारं प्रथिन) घेतात, आणि पेशी घेतात २९३टी, कारण ट्रान्सफेक्शन सोपं. आता गोची बघा: २९३टी मध्ये एसव्ही४० विषाणूचं लार्ज टी आहे, ते पी५३ ला धरून आधीच स्थिर करून ठेवतं. एमजी-१३२ ने तिथे वाढायला जागाच नाही. हीला पेशी घ्या. त्यांच्यात पॅपिलोमा विषाणूचं ई६ आहे, ते ई६एपी या ई-३ ला हाताशी धरून पी५३ सतत प्रोटिअसोमकडे पाठवत असतं. म्हणून हीलामध्ये पी५३ जवळपास दिसत नाही आणि एमजी-१३२ दिलं की उठून दिसतं. २९३टी मध्येच काम करायचं असेल तर एचआयएफ-१ अल्फा घ्या. प्राणवायू मिळतो तोवर ते मिनिटांत तुटतं, आणि प्रोटिअसोम अडवला की साचतं.

यीस्टवाल्यांनो, तुमची तक्रार वेगळी. साध्या स्ट्रेनमध्ये एमजी-१३२ टिकतच नाही, पीडीआर५ पंप ते बाहेर फेकतो. पीडीआर५ काढलेला स्ट्रेन हवा.

कंट्रोल वाढला आणि तुमचं प्रथिन नाही वाढलं, तर मग पेशीकडे बघायची वेळ आली. के-६३ ची साखळी असेल तर ती प्रोटिअसोमचं आमंत्रण नसतेच बहुधा. पटलावरच्या प्रथिनांना ती लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या दुसऱ्या कचराकुंडीकडे नेते. लायसोसोम बंद पाडणारं बॅफिलोमायसिन किंवा क्लोरोक्विन देऊन पाहा. उलटंही होतं: ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेजला प्रोटिअसोम युबिक्विटिनशिवायच तोडतो, अँटिझाइम त्याला तिथे नेऊन सोडतं. तिथे स्मिअर शोधत जन्म घालवाल.

आणि टॅग, म्हणजे ओळखीसाठी जोडलेला तुकडा. प्रथिनाच्या टोकावरच तोडण्याची खूण असेल आणि तुम्ही तिथेच जीएफपी (चमकणारं प्रथिन) बसवलंत, तर ई-३ ला खूण दिसणार कशी? टॅग दुसऱ्या टोकाला हलवून पाहा, आणि एकदा तरी टॅग नसलेलं मूळ प्रथिन ब्लॉट करा.

सायक्लोहेक्झिमाइड चेस वाकडातिकडा येतो

नवीन प्रथिन बनणं थांबवून जुनं किती वेळात संपतं ते बघायची ही पद्धत. सगळ्यात मोठी चूक वेळेची. पी५३ चं अर्धायुष्य वीसेक मिनिटांचं; ०, ४, ८, १२ तास असे बिंदू घेतलेत तर शून्यानंतरच्या पहिल्याच बिंदूत सगळं संपलेलं. आधी ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटं घ्या. फार लांबवलंत तर आणखी घोळ, कारण कित्येक ई-३ स्वतःच अल्पायुषी असतात. तोडणाराच संपला की तुटणं मंदावतं आणि तुम्हाला प्रथिन स्थिर वाटतं.

औषध उलट्या क्रमाने घाला: १२० मिनिटांच्या प्लेटमध्ये सगळ्यात आधी, शून्याच्या प्लेटमध्ये नाहीच. मग सगळ्या प्लेटा एकाच वेळी उचलता येतात. आम्ही प्लेटच्या झाकणावर घालायची वेळ मार्करने लिहितो, मनात ठेवत नाही.

तर, त्या ब्लॉटचं पुढे काय झालं

तिने बाटली ओतून दिली. नवं एनईएम, एक संच उकळत्या एसडीएसमध्ये, स्टॅकिंगसकट रात्रभर ट्रान्स्फर. सकाळी स्मिअर आला, १०० च्या वरपासून थेट वेलच्या काठापर्यंत. पेलेटच्या लेनमध्ये वरच्यापेक्षा जास्त. ती फोटो काढत सुटली.

मग के-४८ ची खास अँटिबॉडी लावली, तर जेमतेम सावली. के-६३ ची लावली, काळीकुट्ट. हीलामध्ये पी५३ छान वाढलेलं, आमचं प्रथिन मात्र एमजी-१३२ ने हललेलंसुद्धा नाही. आता बॅफिलोमायसिनच्या लेन सोमवारी चालवायच्या आहेत, आणि प्रोटिअसोम धरून लिहिलेला तिचा सेमिनारचा अर्धा मसुदा बाजूला पडलाय.